बर्फ वितळतो, पण वितळवतो कोण?

प्रश्न असा आला आहे: "मुलाच्या निबंधात 'हवामान बदलामुळे ध्रुवांवरचा बर्फ विरघळत आहे' असं वाक्य होतं. मी 'विरघळत' खोडून 'वितळत' केलं. त्यावरून घरात वाद सुरू झाला आणि व्याकरण सोडून भलतीकडेच गेला. मेहुणे म्हणाले, हवामान बदलतच असतं, शब्दातच 'बदल' आहे, त्यात माणसाचा काय संबंध? बायको म्हणाली, बर्फ वितळतो म्हणून हवामान बदलतं, तुमचं वाक्यच उलटं आहे. तर वाक्य नेमकं कसं हवं?"

सोपं आधी उरकतो. उष्णतेनं घन पदार्थ पातळ झाला तर तो वितळला. दुसऱ्या द्रवात मिसळून दिसेनासा झाला तर विरघळला. मेण वितळतं, मीठ विरघळतं. तेव्हा तुमची दुरुस्ती बरोबर. बोलताना 'बर्फ विरघळला' सर्रास म्हटलं जातं आणि त्यावरून कुणाला अडवावं असं मला वाटत नाही. शिवाय यात एक गंमत आहे. समुद्राचं खारं पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठतं, तर शुद्ध बर्फ शून्य अंशाला वितळतो. म्हणजे उणे एक अंशाच्या समुद्रात गोड्या पाण्याचा बर्फ तरंगत असेल, तर वितळण्याइतकी ऊब नसतानाही तो मिठामुळे झिजत जातो. काटेकोर बोलायचं तर हे विरघळणंच. मुलाच्या डोक्यात हे नसणार, पण अर्धा गुण द्यायला हरकत नाही.

मला त्याहून जास्त खटकतो तो 'ध्रुवांवरचा बर्फ'. दोन ध्रुवांवर एकच वस्तू नाही. उत्तर ध्रुवावर जमीनच नाही. तिथं आहे तो आर्क्टिक महासागराच्या पाण्यावर धरलेला, काही मीटर जाडीचा तरंगता थर. दक्षिण ध्रुव एका अख्ख्या खंडावर आहे आणि तिथला बर्फ काही ठिकाणी साडेचार किलोमीटरहून जाड आहे. ग्रीनलंडचाही बर्फ जमिनीवरचाच. तरंगणारा बर्फ वितळला तर समुद्राची पातळी जवळपास आहे तिथंच राहते. जमिनीवरचा समुद्रात आला तर मात्र ती वाढते: ग्रीनलंडचा सगळा बर्फ गेला तर सुमारे ७ मीटर, अंटार्क्टिकाचा सगळा गेला तर सुमारे ५८ मीटर. आता वादात हे दोन्ही एकाच शब्दात कोंबले, की कुणीतरी 'पेल्यातला बर्फ वितळला म्हणून पेला सांडतो का?' असं विचारतोच. त्याचं खरं असतं आणि समोरच्याचंही. दोघं वेगवेगळ्या बर्फाबद्दल बोलत असतात, एवढंच. एक 'सागरी बर्फ' म्हणावा, दुसरा 'जमिनीवरचा बर्फ'. निम्मा वाद तिथंच मिटतो.

जाता जाता, ध्रुव म्हणजे अढळ. हिमनगातला 'नग' म्हणजे 'न गच्छति', जो जात नाही तो, म्हणजेच पर्वत. आणि हिमनग तर जन्मल्यापासून वाहतच असतो. हिमनदी या शब्दानं मात्र वस्तू नेमकी पकडली आहे. खडकासारखा दिसणारा तो बर्फ खरोखरच हळूहळू वाहतो.

'हवामान' हा शब्द बिचारा दोन नोकऱ्या करतो. भूगोलाच्या पुस्तकात 'हवा' आणि 'हवामान' असा भेद शिकवतात: आजची ती हवा, आणि वर्षानुवर्षांची सरासरी ते हवामान. शब्दाची घडणही तशीच आहे. पर्जन्यमान म्हणजे कालची सर नव्हे, तसं हवामान म्हणजे हवेचं एकंदर मान. ही सरासरी काढायला हवामानशास्त्रज्ञ साधारणपणे ३० वर्षांचा काळ धरतात. पण त्याच पुस्तकातून बाहेर आल्यावर आपण 'हवामानाचा अंदाज' ऐकतो, तो उद्याच्या पावसाचा. त्यामुळे कडाक्याची थंडी पडली की 'कुठाय तुमची तापमानवाढ?' हा सवाल मराठीत फारच सहज विचारता येतो. काही जण यावर उपाय म्हणून 'जलवायू परिवर्तन' लिहितात. मला तो शब्द उसना आणि जड वाटतो. 'वातावरण बदल' तर टाळाच; वातावरण बदलायला एखादा विनोदही पुरतो.

आता मेहुण्यांचा मुद्दा. तो वाटतो तितका पोरकट नाही, कारण त्यामागे मराठीचं व्याकरण उभं आहे. 'वितळणे' अकर्मक आहे. दुसऱ्यानं ती क्रिया घडवली तर आपण 'वितळवणे' म्हणतो. रूप बदललं की कर्ता आत आला हे कळतं. 'बदलणे' मात्र दोन्हीकडचं. 'ऋतू बदलतो' हे अकर्मक, 'मी बेत बदलतो' हे सकर्मक, क्रियापद तेच. भूतकाळात तर कमालच होते. 'हवामान बदललं' आणि 'माणसानं हवामान बदललं' ही दोन वाक्यं पाहा. दुसऱ्यात कर्मणी प्रयोग असल्यानं क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, माणसाप्रमाणे नाही. त्यामुळे 'माणसानं' हा शब्द खुशाल उचलून बाजूला ठेवा, उरलेल्या वाक्यात कानामात्रेचाही फरक पडत नाही. गुन्हेगार निघून जावा आणि दार वाजूही नये, तसं. नामात ('बदल') तर कर्त्याला बसायला जागाच उरत नाही.

तरी हा घोळ फक्त मराठीचा नाही. १९९२ साली झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक करारात 'हवामानबदल' या संज्ञेची व्याख्या दिली आहे, आणि तिथं ती माणसाच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कृतींमुळे होणाऱ्या, नैसर्गिक चढउतारांखेरीजच्या बदलापुरतीच आहे. उलट १९८८ मध्ये स्थापन झालेली आयपीसीसी ही हवामानबदलाचा आढावा घेणारी आंतरशासकीय समिती तीच संज्ञा कुठल्याही कारणानं झालेल्या दीर्घकालीन बदलासाठी वापरते, मग कारण नैसर्गिक असो वा मानवी. म्हणजे एका दस्तऐवजात कर्ता शब्दाच्या पोटात आहे, दुसऱ्यात तो शोधून काढावा लागतो. मेहुणे नकळत दुसऱ्या व्याख्येनं बोलत होते. फक्त ते अर्ध्यावर थांबले. कारण त्याच समितीनं शोध घेऊन २०२१ च्या अहवालात निःसंदिग्धपणे लिहिलं, की वातावरण, समुद्र आणि जमीन माणसाच्या प्रभावानं तापली आहे.

कर्ता ओळखला कसा? शब्दचर्चेत हे थोडं आगंतुक आहे, पण टाळलं तर उत्तर लंगडं राहील. कार्बन डायऑक्साइडचं हवेतलं प्रमाण औद्योगिकीकरणाआधी दशलक्ष भागांत सुमारे २८० होतं, आता ते ४२० च्या पुढे गेलं आहे. हा वाढीव कार्बन कोळसा-तेलातलाच, हे त्याच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंवरून, कळतं: कार्बन-१४ हा त्यातला एक काळाबरोबर नष्ट होत जातो, त्यामुळे इतका जुना कार्बन असेल तर त्यात तो उरलेला नसतो. आणि मला सगळ्यात पटणारा पुरावा वेगळाच आहे. सूर्य जास्त तापल्यामुळे हे होत असतं, तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापायला हवे होते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्यावरचा स्थितांबर थंड होत गेला आहे. उष्णता खालीच अडते आहे, असा याचा अर्थ.

'हवामान आधीही बदललं होतं' हे अर्थातच खरं. हिमयुगं आली आणि गेली. पृथ्वीची कक्षा आणि अक्षाचा कल हजारो वर्षांच्या फेऱ्यांत बदलतो, त्यावरून सर्बियन शास्त्रज्ञ मिलुतिन मिलानकोविच यांनी हिमयुगांचा हिशेब मांडला. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून ८ लाख वर्षांचा इतिहास वाचता येतो. त्यात हिमयुग संपताना अंटार्क्टिकातलं तापमान थोडं आधी वाढायला लागलेलं आणि कार्बन डायऑक्साइड मागून वाढलेला दिसतो. 'बघा, कारण उलटं आहे!' असं यावर म्हटलं जातं. इथं न्यायशास्त्रातला (भारतीय तर्कशास्त्रातला) एक जुना शब्द कामी येतो, 'निमित्तकारण', म्हणजे घडवून आणणारं कारण. मडक्याचं निमित्तकारण कुंभार, पण माती नसेल तर कुंभार काय करणार? कक्षेतला बदल हे तेव्हाचं निमित्त झालं. त्यानं समुद्र किंचित तापला, समुद्रानं कार्बन डायऑक्साइड सोडला आणि त्यानं तापमान आणखी वाढवलं. या खेपेला निमित्त आपण आहोत. (रोजच्या मराठीत 'निमित्त' म्हणजे 'सबब' होऊन बसलं आहे, म्हणून हा शब्द वादात जपून वापरा.)

आणि म्हणून तुमच्या बायकोचं म्हणणंही खोडता येत नाही. बर्फाळ पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा अर्ध्याहून अधिक भाग परत फेकतो, उघडा काळा समुद्र दहा टक्केही फेकत नाही. बर्फ गेला की समुद्र तापतो, तापला की आणखी बर्फ जातो. आर्क्टिकचा सागरी बर्फ सप्टेंबरात सर्वांत कमी असतो. १९८० च्या दशकात त्याचा विस्तार तेव्हा ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असे. २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला. अशा साखळीला काही ठिकाणी 'सकारात्मक प्रतिसाद' लिहिलेलं मी वाचलं आहे. वाचून वाटावं, बर्फानं योजनेचं स्वागत केलं! आपल्याकडे 'दुष्टचक्र' असताना ही पाळी का यावी? बायकोनं चक्राचा एक अर्धा भाग धरला, मुलानं दुसरा. चक्र फिरायला लागण्यासाठी पहिला धक्का कुठून आला, एवढंच त्या दोन अर्ध्यांत सापडत नाही.

राहिलं लेखन. 'हवामानबदल' हा समास आहे, तो जोडूनच लिहावा. सुटा लिहिला तर 'हवामान बदल' ही चक्क आज्ञा होते, 'कपडे बदल'सारखी.

तर निबंधात मी असं लिहीन: 'माणसाने घडवलेल्या तापमानवाढीमुळे आर्क्टिकचा सागरी बर्फ आणि ग्रीनलंडचा जमिनीवरचा बर्फ वितळत आहे.' वाक्य लांबलं, हे कबूल. शब्दमर्यादा आडवी येत असेल तर शेवटचा बर्फ काढा, 'माणसाने' काढू नका. आणि 'बर्फ' पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, हा वाद अजून तुमच्या घरात निघालेला दिसत नाही. 'बर्फ वितळला' आणि 'बर्फ वितळलं' दोन्ही ऐकू येतात. मी पहिलं वापरतो.