मुलगी परदेशातल्या ख्रिश्चन बालगृहात नाताळ करतेय, काळजी करायची का?

डिसेंबर लागला की माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी बाहेरच्या देशात आहे, तिथल्या ख्रिश्चन संस्थेत व्हॉलंटियर म्हणून राहतेय, आता नाताळात चर्चमध्ये जाणार, गाणी म्हणणार, प्रार्थनेला उभी राहणार, मॅडम हे असं चालतं का, उद्या धर्मच बदलून आली तर? विचारणारे चांगले शिकलेले असतात आणि विचारताना आवाज हळू करतात, कारण आपण मागासलेले दिसू असं त्यांना वाटतं. म्हणून एका केसबद्दल लिहितेय. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नाशिकच्या जेल रोडचं कुटुंब. वडील प्रेसमधून रिटायर (नाशिककरांना कुठली प्रेस ते सांगायला नको), आई घरीच, मुलगी एकुलती एक. मुलीने आयटीतली चांगली नोकरी सोडली आणि काही महिन्यांसाठी केनियात, मोंबासाजवळच्या एका ख्रिश्चन बालगृहात गेली. घरी सांगितलं होतं "ब्रेक घेतेय, मुलांना शिकवणार आहे", त्याला कोणी फार आडकाठी केली नव्हती. मग एक फोटो आला. सांताची टोपी, मागे भिंतीवर क्रॉस, कडेवर एक चिमुरडं. तिने तो इन्स्टावर टाकला, चुलतभावाने उचलून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि त्याखाली आत्याने लिहिलं, "छान, पण लक्ष ठेवा हं." झालं. त्या "हं"ने घरातलं जेवण बंद पडलं.

दोघं आले तेव्हा वडील खुर्चीच्या टोकावर बसलेले. मी तिकीट काढतो, तुम्ही फक्त तिला परत यायला समजवा, एवढंच त्यांचं म्हणणं. मी आईंना विचारलं, तुम्ही नाशिकरोडच्या, बाळ येशूच्या यात्रेला जाता का? त्या जरा हसल्या. दर फेब्रुवारीला जातात म्हणाल्या, मुलीच्या दहावीच्या वेळी तर नवस बोलून मेणबत्ती लावली होती, आणि ते फेडायला सगळेच गेले होते, हेसुद्धा. वडील लगेच म्हणाले, ते वेगळं. मी म्हटलं कसं वेगळं ते सांगा ना, खरंच सांगा, मला वादात हरवायचं नाहीये तुम्हाला. बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आम्ही आमच्या घरून जातो आणि संध्याकाळी आमच्या घरी परत येतो."

पुढचं सगळं सेशन मी या एका वाक्यावर घेतलं. नोकरी सोडताना मुलीने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. लग्नाचं स्थळ आलेलं तिने बघितलंसुद्धा नव्हतं. हे सगळं साठलं होतं आणि टोपी-क्रॉसच्या फोटोला ते सगळं येऊन चिकटलं. आईवडील धर्माबद्दल बोलत होते आणि ते खोटं बोलत होते असंही नाही, पण खालचा प्रश्न "ही आता आपली राहिलीय का" हा होता.

मी भीती उडवून लावत नाही, हेही सांगते. दबाव कुठेही असू शकतो, कुठल्याही धर्माच्या संस्थेत. त्यामुळे मी काही सरळ प्रश्न विचारायला लावले: पासपोर्ट तिच्याकडेच आहे का, परतीचं तिकीट आहे का, राहणंजेवण प्रार्थनेला बसण्यावर अवलंबून आहे का, "हे घरी सांगू नकोस" असं कोणी म्हणतं का, कोणी तिला एकटीला बाजूला घेऊन सारखं धर्मावरच बोलतं का. यातल्या एकाचंही उत्तर गडबडीचं आलं तर मी स्वतः म्हणेन तिकीट काढा. सगळी ठीक आली. आणि टोपी घालणं, गाणं म्हणणं, नाटकात काम करणं या यादीत येतच नाही. सणात सामील होणं म्हणजे शेजाऱ्याच्या लग्नात अक्षता टाकण्यासारखं आहे, अक्षता टाकल्या म्हणून लग्न आपलं होत नाही.

दुसरं सेशन मुलीशी व्हिडिओ कॉलवर. केनिया आपल्या अडीच तास मागे, त्यामुळे माझी रात्र आणि तिची संध्याकाळ, मागे मुलांचा दंगा. तिचे प्रश्न वेगळेच होते. हात जोडू का, आमेन म्हणू का, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळे रांगेत जातात तेव्हा मी काय करू, न गेले तर त्यांना वाईट वाटेल आणि गेले तर मी नाटक केल्यासारखं होईल.

याची उत्तरं सोपी आहेत खरं तर. गाणं आवडतं तर म्हणा, मान झुकवून शांत उभं राहणं हा साधा आदर आहे. मनात नाही ते "मी मानते" असं तोंडाने म्हणायची गरज नाही. त्या भाकर-द्राक्षारसाच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या रांगेत जाऊच नये, कारण ते त्यांच्याच नियमाप्रमाणे सहसा बाप्तिस्मा (ख्रिश्चन होण्याचा विधी) झालेल्यांसाठी असतं, कॅथलिक चर्चमध्ये तर याबाबत नियम कडक आहे, बाकावर बसून राहिलं तर कोणी वाईट मानत नाही, उलट न कळता घेतलं तर त्यांनाच अवघड होतं. आणि मुलांनी विचारलं "तुझा देव कोण", तर खरं सांगायचं, दोन वाक्यात, आमच्या घरी गणपती असतो, आई रामाला जाते. तिथे जाऊन आपण पण प्रवचन द्यायचं नाही. मुलांच्या हक्कांचा जो 1989 चा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे त्यात मुलाच्या स्वतःच्या धर्माच्या, विचाराच्या स्वातंत्र्याचं कलम आहे, ते पाहुण्यांनाही लागू धरावं असं मला वाटतं.

मग ती म्हणाली, मॅडम, इथली मुलं इतकी प्रेमळ आहेत, मी पोचले त्या दिवशीच एक सहा वर्षांची येऊन गळ्यात पडली, तेव्हापासून सोडत नाही, मला मामा म्हणते, म्हणजे इथल्या भाषेत आई. पुढच्या नाताळला येशील ना विचारत होती, मी म्हटलं नक्की येईन.

इथे मात्र मी थांबले. आईवडिलांच्या काळजीपेक्षा मला हे वाक्य जास्त काळजीचं वाटलं.

ओळखदेख नसलेल्या माणसाच्या गळ्यात पहिल्याच दिवशी पडणारं सहा वर्षांचं मूल आपल्याला प्रेमळ दिसतं. घरात वाढलेलं मूल नवीन माणूस आला की आधी आईच्या मागे जातं, मग हळूहळू जवळ येतं. ज्या मुलांची सांभाळणारी माणसं सारखी बदलत राहिली, त्यांच्यापैकी काही जण कोणालाही चिकटायला शिकतात, कारण कोण टिकेल ते माहीत नसतं. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी यावर अहवाल लिहिला, लहान मुलाला एक टिकून राहणारं माणूस लागतं म्हणून. पुढे रुमानियात बुखारेस्टला 2000 च्या सुमारास 136 मुलांवर अभ्यास सुरू झाला, संस्थेतली निम्मी मुलं कुटुंबांमध्ये सांभाळायला दिली गेली, आणि कुटुंबात गेलेल्यांचं नातं जोडणं, बोलणं, बुद्धीची वाढ बरीच सुधारली, जितक्या लहान वयात गेली तितकी जास्त. हे सगळं मी तिला एवढ्या भाषणासारखं सांगितलं नाही, पण सांगितलं. तुझ्यासारख्या किती मामा येऊन गेल्या असतील त्या मुलीच्या आयुष्यात? ती रडली. रडू द्यावं, तेवढ्या वेळात मी काही बोलत नाही.

आणि दिवस पण नेमके नाताळचे. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, डिसेंबरला मोठी सुट्टी असते, लोक शहरातून गावी जातात, जसे आपण दिवाळीला. शिवाय तिथलं सरकार आता मुलांना संस्थेतून काढून नातेवाइकांकडे, कुटुंबांकडे पाठवायचं धोरण राबवतंय, 2022 ते 2032 असं दहा वर्षांचं. बालगृहातल्या बऱ्याच मुलांना कोणी ना कोणी असतं, आई नाहीतर आजी नाहीतर मामा, गरिबी हे खरं कारण. तिच्या बालगृहातनं पण निम्मीअधिक मुलं सुट्टीत नातेवाइकांकडे गेलेली, आणि मागे राहिलेली ज्यांना न्यायला कोणी आलं नव्हतं ती. ही चिमुरडी त्यातली. बाकी सगळे गाठोडी घेऊन गेलेत आणि आपण सांताच्या टोपीत, अशा वेळी "नक्की येईन" हे वाक्य मूल किती घट्ट धरून ठेवत असेल बघा.

आम्ही ठरवलं ते असं. नाताळच्या आधीच, अगदी निघायच्या तोंडावर नाही, तिने त्या चिमुरडीला खरं सांगायचं. कॅलेंडरवर जायचा दिवस दाखवायचा. पुढच्या वर्षी येईन म्हटलं होतं ते मला माहीत नसताना म्हटलं, मला माहीत नाही, असं सरळ बोलायचं. हे सांगताना तिथली कायमची सांभाळणारी मावशी सोबत पाहिजे, कारण नंतर तीच राहणार आहे. गपचूप रात्री निघून जायचं नाही. एकट्या तिलाच वेगळं गिफ्ट द्यायचं नाही, सगळ्यांना मिळून काय द्यायचं ते मावशीला विचारायचं. आणि इन्स्टावरचे मुलांचे चेहरे दिसणारे फोटो काढून टाकायचे, आत्याच्या "हं"पेक्षा तो मुद्दा मोठा होता.

चिमुरडी दोन दिवस रुसली. हिच्याशी बोलेना, जेवायला मावशीजवळ जाऊन बसली. हिने घाबरून मेसेज केला, मॅडम बिघडलं का सगळं? मी उत्तर पाठवलं की रागावून मावशीकडे गेली ना, मग चांगलंच झालं.

इकडे वडिलांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मुलीने कॉलवर सहज सांगितलं की मोंबासात फ्रेरटाऊन नावाचा भाग आहे, तिथे जुनी घंटा आहे आणि तिथल्या एका आजोबांनी नाशिक नाव ऐकून ओळखलं. वडिलांना पटेना. मी म्हटलं बरोबर आहे, माझं ऑफिस ज्या शरणपूर रोडवर आहे ते शरणपूर मिशनऱ्यांनी वसवलेलं गाव, तिथे एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना ठेवून सुतारकाम, लोहारकाम, लिहिणंवाचणं शिकवलं जायचं. त्यातले बरेच 1874-75 च्या सुमारास मोंबासाला नेऊन वसवले, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्या नावाने ती वस्ती. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना नाशिक बॉईज म्हणतात. आफ्रिकेत फिरलेला प्रसिद्ध प्रवासी लिव्हिंगस्टन, त्याचं शव आफ्रिकेतून आणणाऱ्यांतला जेकब वेनराइट याच शरणपूरला शिकलेला, 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या अंत्यविधीला तो हजर होता.

वडील म्हणाले, म्हणजे त्या मुलांना पण ख्रिश्चनच केलं. हो, केलं, नावं पण नवी दिली, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. म्हणूनच तुमची शंका अगदी हवेतली नाही म्हटलं मी, फक्त ती मुलं होती आणि तुमची मुलगी पंचविशीतली बाई आहे, हा फरक धरा. हे त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण त्या रात्रीपासून कॉलवर "कधी येतेस" च्या जागी "त्या घंटेचं नीट बघून ये" सुरू झालं. रिटायर माणसाला विषय मिळाला की घर सुटतं.

25 तारखेला तिने आईला व्हिडिओ कॉल केला तो चर्चमधून नाही, स्वयंपाकघरातून. तिकडे नाताळच्या जेवणात पिलावसोबत चपात्या लागतात, एरवी उगाली (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) खातात, सणाला चपाती. भारतातून गेलेल्या लोकांबरोबर गेलेली असणार. ही पीठ मळत होती आणि मावशी लाटत होत्या, आईने इथून ओरडून सांगितलं, मोहन घाल गं, मोहन. येशूजन्माच्या नाटकातल्या मेंढपाळांच्या डोक्याला हिच्याच दोन ओढण्या बांधलेल्या, त्यातली एक आईने रविवार कारंजावरून घेऊन दिलेली, त्याचं काय वाईट वाटायचं ते त्यांना तेवढ्या क्षणात ठरवताच आलं नाही.

जानेवारीत ती आली. धर्म तोच आहे, विचारायला हवंच असेल तर. पुन्हा जायचं का यावर आमचं बोलणं झालं आणि तिने तिथल्या मुख्य बाईंनाच विचारलं, तुम्हाला माझी गरज कशासाठी आहे? त्यांनी सांगितलं, मुलांशी खेळायला माणसं येतात, आमच्या नोंदी वह्यांमध्ये पडल्यात, कुठल्या मुलाचे कोण नातेवाईक, शेवटचं कधी भेटले, ते कॉम्प्युटरवर लावून दे. आता रविवारी दुपारी ती इथेच बसून ते काम करते. मुलांची खरी नावं न दाखवता वडिलांना तिने एकदा ते समजावलं, तर ते म्हणाले, मग यासाठी केनियाला कशाला जायला लागलं? आई म्हणाल्या, तिलाच विचारा, आत बसलीय.