बुटीबोरीत कापड रंगवायचं छोटं (डाइंग) युनिट आहे, खरेदीदार जीओटीएस (सेंद्रिय कापडाचं जागतिक प्रमाणपत्र) मागतोय. सुरुवात कुठून करू?

अर्ज भरण्याआधी रंगांच्या गोदामात जा. प्रत्येक ड्रमचं लेबल वाचा, यादी करा आणि प्रत्येक रंग-रसायनाचं जीओटीएस मंजुरीपत्र पुरवठादाराकडून मागवा. आमचं पहिल्या तपासणीत इथंच अडलं. कोपऱ्यात अर्धा भरलेला निळा ड्रम, लेबल भिजून गेलेलं, आत काय ते कुणालाच सांगता येईना.

कापडात किमान 70 टक्के सेंद्रिय धागा लागतो. थेट ‘सेंद्रिय’ असं लेबल हवं तर 95. विदर्भात कापूस भरपूर आहे, पण म्हणून तो सेंद्रिय ठरत नाही. शेताचं प्रमाणपत्र लागतं आणि जिनिंगपासून (सरकी काढण्यापासून) पुढे माल हात बदलेल तिथे व्यवहाराचा दाखला. साध्या मालात मिसळला की सगळं वाया, म्हणून जागा वेगळी ठेवाच.

ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत) येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा पीएच आणि सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) नियमित वहीत लिहा. मजुरी, ओव्हरटाइमचे हिशेबही तपासतात. पुष्कळ मालक इथे गाफील राहतात.

तयार कापडात अपायकारक रसायनं नकोत, एवढंच खरेदीदाराचं म्हणणं असेल तर ओको-टेक्स स्टँडर्ड 100 हे प्रमाणपत्र पुरेसं होऊ शकतं. आधी त्याला हे स्पष्ट विचारून घ्या.