"नाटकात काम केलं" हे इंग्लिशमध्ये कसं सांगायचं? ॲक्ट, प्ले की परफॉर्म?
वर्क्ड इन अ प्ले नका लिहू, बॅकस्टेजला होतात असंही वाटू शकतं. नुसता अभिनय केला तर ॲक्टेड इन अ प्ले, पण पात्राचं नाव आलं की सरळ प्ले, म्हणजे 1972 च्या घाशीराम कोतवालमध्ये मोहन आगाशे प्लेड नाना फडणवीस, मध्ये ॲज अजिबात नको. परफॉर्म प्रयोगासाठी, वी परफॉर्म्ड ॲट भरत नाट्य मंदिर. पोर्ट्रे म्हणजेही भूमिका साकारणं, पण ते नाटकाच्या लेखी परीक्षणात छान दिसतं. आमच्या ग्रुपमधल्या एकीने ऑडिशनच्या फॉर्मवर 'आय ॲक्टेड मदर' लिहिलेलं, मी पेनाने खोडून 'प्लेड द मदर' करून दिलं, ते द पण महत्त्वाचं आहे हां. आणि ॲक्ट लाइक म्हणजे तसं वागणं, त्याला स्टेज लागत नाही.