चाळीच्या हिशेबाला वर्गणी कशाला?

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या चाळीचा हिशेब मी एक्सेल फाइलींत ठेवतो. एकदाच पैसे भरून घेतलेला प्रोग्राम नव्या संगणकावर चालेना. आता दरवर्षी वर्गणी भरा म्हणतात. शिवाय फाइल आपोआप क्लाउडवर जाते. कमिटी माझ्यावरच डाफरते. काय करू?
— एक सेक्रेटरी

उत्तर : कमिटी डाफरणारच, त्यावर माझ्याकडे औषध नाही. हिशेबावर आहे. लिब्रेऑफिस घ्या, तेही लिब्रेऑफिस डॉट ऑर्गवरूनच. २०१० साली ओपनऑफिस या तशाच फुकट प्रोग्राममधून वेगळा झालेला हा प्रोग्राम, मागे ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था. पैसे नाहीत, खातं उघडायला नको, नेट बंद असलं तरी चालतो आणि फाइल तुमच्याच संगणकावर राहते. त्यातलं ‘कॅल्क’, म्हणजे एक्सेलचा जोडीदार, तुमच्या फाइली उघडेल. बेरजा, थकबाकी सहसा नीट येतात. मॅक्रो, म्हणजे फाइलीत भरून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतील तर अडखळेल, ते आधी तपासा. ऑडिटरला एक्सेलच हवी असेल तर तशीही सेव्ह होते.

खरी गोम मराठीत आहे. युनिकोड म्हणजे मराठी अक्षरं सगळ्या संगणकांना सारखीच कळावीत म्हणून ठरलेली पद्धत. भाडेकरूंची नावं तिच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असली, तर तो फाँट नव्या संगणकावरही टाकावा लागेल. नाहीतर नावांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसेल आणि बोल बिचाऱ्या लिब्रेऑफिसला लागेल! सवड काढून नावं युनिकोडमध्ये करून घ्या. तोवर जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नका.