बेसबॉलमध्ये पहिल्या बेसवर घसरत जावं की धावत पार व्हावं?

धावतच पार व्हा. चेंडू मारून पहिल्या बेसला पोहोचलेला फलंदाज वेगात पुढे निघून गेला आणि लगेच परतला, तर त्याला टॅग करून (म्हणजे हातातला चेंडू अंगाला लावून) बाद करता येत नाही, असं नियमच सांगतो. मग 90 फूट जीव तोडून पळाल्यावर शेवटी वेग का मारायचा? अंग जमिनीला घासलं की वेग गेलाच. क्रिकेटमधून आलेल्यांना क्रीझकडे झेप घ्यायची सवय असते (शिवाजी पार्कच्या मातीत ती कोपरं सोलून देते, हे वेगळंच). बेसची अलीकडची कड चवड्याने दाबा, शेवटच्या पावलाला उडी नको, आणि पार होताच चेंडू कुठे गेला ते बघा. पण पार झाल्यावर दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न केलात तर ती सवलत संपली, टॅग झालात की बाद. घसरायची वेळ एकच: फेक भरकटली आणि बेसवरचा क्षेत्ररक्षक बेस सोडून तुम्हाला टॅग करायला आला, तर त्याच्या हाताखालून घसरा. दुसऱ्या-तिसऱ्या बेसला मात्र ही मुभा नाही. तिथे घसरणं शिकावंच लागेल.