पाइपचा ओव्हरफ्लो : वीज गेली तर फरशी कोरडी राहील का?

दर पावसाळ्यात लाइट जायला लागली की माशांच्या टाकीच्या ओव्हरफ्लोबद्दल, म्हणजे जास्तीचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपबद्दल, मला तेच प्रश्न येतात. या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

टाकीला भोक न पाडता पाणी काठावरून सम्पमध्ये (खालच्या टाकीत, जिथून पंप पाणी परत वर चढवतो) उतरतं, ते कसं?

सायफनने, म्हणजे पाण्याने भरलेला पाइप काठावरून पाणी खाली ओढतो. टाकीच्या आत पाइपचा एक यू, काठावरून उलटा यू, बाहेर पुन्हा एक यू आणि मग टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड; त्याच्या आडव्या तोंडातून पाणी सम्पकडे जातं. टीचं वरचं तोंड उघडंच ठेवायचं, तिथून हवा मिळते. आतल्या पाइपचं तोंड ज्या उंचीला असेल, तिथपर्यंतच टाकी उतरते. टीच्या आडव्या तोंडाची कड त्याहून जरा खाली, पण आतल्या यूच्या तळापेक्षा बरीच वर हवी. म्हणजे पंप थांबला तरी दोन्ही यूंमध्ये पाणी राहतं आणि लाइट आल्यावर सायफन आपोआप चालू होतो.

सॉल्व्हंट सिमेंटने (पीव्हीसी पाइप जोडायच्या गोंदाने) मासे मरतील का?

पूर्ण वाळवून, धुऊन वापरलंत तर नाही. सिलिकॉनने पाइप जोडू नका, पीव्हीसीला ते नीट धरत नाही.

पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलंय. एक इंची पाइप पुरेल, असं दुकानदार म्हणाला.

खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवावं लागत नाही तेव्हाचा असतो. चार-पाच फूट चढवताना तो किती उतरतो, हे दुकानदार सांगत नाही. बादली लावून मोजा : १० लिटरला २० सेकंद लागली तर ताशी १८०० लिटर. पाइपही तसाच मोजा. पाइपने पंपापेक्षा सहज जास्त पाणी नेलं पाहिजे. जेमतेम जमत असेल तर लहान पंप घ्या.

सर, रिटर्न पाइपला (पंपाचं पाणी वर टाकीत नेणाऱ्या) नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवला की पूर येत नाही ना? ग्रुपवर सगळे तेच सांगतात.

सगळे सांगतात, फरशी मात्र तुम्ही पुसता! पूर दोन प्रकारचे असतात.

पहिला लाइट गेल्यावरचा. समजा टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद आहे, म्हणजे १ सेंटिमीटर पाणी साधारण साडेपाच लिटर. रिटर्नचं तोंड पाण्यात १० सेंटिमीटर खोल असेल तर पंचावन्न लिटर उलटे सम्पमध्ये येतील. व्हॉल्व्हमध्ये शेवाळ किंवा एखादी गोगलगाय अडकली की तो बंद होत नाही. त्यापेक्षा तोंड पृष्ठभागाच्या लगेच खाली ठेवा, त्याच्या वर पाण्याच्या रेषेलगत बारीक भोक पाडा आणि ते दर आठवड्याला साफ करा. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी हवीच.

दुसरा पूर लाइट असताना येतो, आणि मला काळजी त्याचीच. काठावरच्या वाकणात बुडबुडे साठतात, सायफन गुपचूप तुटतो, पंप मात्र वर पाणी चढवतच राहतो. व्हॉल्व्हचा इथे काडीचा उपयोग नाही. माझ्या हॉलमध्ये हे घडलंय; खालच्या काकूंच्या छतावरचा डाग अजून आहे. म्हणून सम्पमधला पंपाचा कप्पा लहान ठेवा. टाकीत वर ४ सेंटिमीटर जागा मोकळी असेल तर वर साधारण २२ लिटर मावतात. कप्प्यातून पंपाला उपसता येणारं पाणी त्याहून कमीच हवं. मग पंप कोरडा पडेल, जळेलही कदाचित, पण घर वाचेल. वाकणाच्या सर्वांत उंच जागी हवा खेचायला बारीक नळीही बसवा.

मासे सोडण्याआधी मेन स्विच दहा वेळा बंद-चालू करून बघा. एकदाही सायफन तुटला तर जोडणी अनुभवी माणसाला दाखवा. आणि पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून आजच तपासून घ्या, पुढच्या रविवारी नको.

त्यापेक्षा काचेलाच भोक पाडलं तर?

उत्तम. पण टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला ड्रिल लावलं की तिचे तुकडे होतात. कोणती काच आहे ते टाकी बनवणाऱ्याला आधी विचारा.

चार फुटी टाकी बाल्कनीत ठेवू का?

भरल्यावर तीनशे किलोंच्या पुढे जाईल. स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय नाही.