बारा-चौदा वर्षांपूर्वी गावात झालेल्या लग्नाची नोंद आता होते का?

होते, ताई. आपल्याकडे रीतीनुसार लग्न करायला आधी परवाना लागत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करणाऱ्यांना मात्र ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तुम्हाला हवी ती नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली होते. खेड्यात ते काम ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) असते, तहसीलमध्ये खेटे घालू नका.

सासरच्या ग्रामपंचायतीतून नमुना ‘ड’, म्हणजे विवाह नोंदणीचा अर्ज, घ्या. त्यावर तुम्हा दोघांच्या, तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या भटजी, भंतेजी किंवा काझींच्या सह्या लागतात. सोबत आधार, वयाचा पुरावा, फोटो आणि लग्नपत्रिका. पत्रिका हरवली असेल तर प्रतिज्ञापत्राचं आधी विचारून घ्या. मुदत ९० दिवसांची असली तरी उशिरा नोंद होते, फक्त शुल्क थोडं वाढतं.

नावाचं स्पेलिंग आधार आणि टीसीशी (शाळा सोडल्याच्या दाखल्याशी) जुळवूनच अर्ज भरा. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, यातच पुढे बायांची फार परवड होते.

नोंद पूर्वीच झाली असल्याची शंका असेल तर लग्नाचं वर्ष सांगून ग्रामपंचायतीचं विवाह नोंदणी रजिस्टर पाहायला लावा. सापडली तर त्याच नोंदीचा दाखला मागा.